इलेक्ट्रॉनाची गोलाई आणि सापळ्यातील शीत रेणू

इलेक्ट्रॉन वाटोळा आहे काय, हा प्रश्न भाषेच्या दृष्टीने पाहिला तर सदोष आहे. वाटोळेपणा हा विस्तार असलेल्या वस्तूचा धर्म होय. आणि इलेक्ट्रॉनाला विस्तार असल्याचा कोणताही पुरावा आजवरच्या प्रयोगांत मिळालेला नाही. तरीही भौतिकीचे अभ्यासक हा प्रश्न ह्याच शब्दांत विचारीत आले आहेत, आणि जुलै २०२३ मध्ये 'सायन्स' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका निबंधाने त्याला आजवरचे सर्वांत काटेकोर उत्तर दिले. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात बोल्डर येथे असलेल्या 'जिला' ह्या संशोधनसंस्थेत एरिक कॉर्नेल आणि जुन ये यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या प्रयोगाचे हे उत्तर आहे. उत्तर शून्य आले. हे शून्य मिळविण्यासाठी विद्युत् भारित रेणू एका लहानशा निर्वात पात्रात कोंडून ठेवावे लागले, आणि ते तसे का कोंडावे लागले हे समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम प्रश्न नीट मांडला पाहिजे. इलेक्ट्रॉनाला विद्युत् भार आहे आणि त्याला 'परिवलन' ह्या नावाने ओळखला जाणारा एक गुणधर्म आहे. परिवलन हा शब्द पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यावरून घेतला आहे व तो काहीसा फसवा आहे. इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा गरगरतो असे समजणे चूक होय. मात्र भोवऱ्याला जशी आसाची दिशा असते तशी दिशा परिवलनाला असते, आणि इलेक्ट्रॉनापाशी स्वतःची अशी तेवढी एकच दिशा आहे. आता इलेक्ट्रॉनाचा भार ह्या दिशेच्या एका टोकाकडे किंचित् झुकलेला असेल, तर त्याला विद्युत् द्विध्रुव परिबल आहे असे म्हणतात. 'वाटोळा' ह्या शब्दाचा येथे एवढाच अर्थ अभिप्रेत आहे: भार कोणत्याही टोकाकडे झुकलेला नाही. प्रश्न गोलाईचा नसून कलाचा आहे.

हा कल असला काय आणि नसला काय, त्याने इतके काय बिघडते? उत्तरासाठी एक कल्पना करावी. इलेक्ट्रॉनाचे चलच्चित्र घेतले आणि ते उलटे फिरविले, तर परिवलनाची दिशा उलटेल, कारण फिरणारी प्रत्येक गोष्ट उलट्या चित्रात उलटी फिरते. भाराची मांडणी मात्र स्थिर आहे. ती तशीच राहील. म्हणजे मूळ चित्रात भार परिवलनाच्या दिशेकडे झुकलेला असेल, तर उलट्या चित्रात तो विरुद्ध दिशेकडे झुकलेला दिसेल. सुलट्या आणि उलट्या चित्रांतील इलेक्ट्रॉन असे वेगळे ओळखू आले, तर निसर्गाचे नियम काळाच्या दोन दिशांना सारखे लेखीत नाहीत असे सिद्ध होते. कालव्युत्क्रमाची ही सममिती भंगते तेथे कण आणि प्रतिकण यांच्या वागण्यातही भेद असला पाहिजे, असे आजच्या सिद्धांतांच्या पायाशी असलेले एक प्रमेय सांगते.

कण आणि प्रतिकण यांच्यातील हा भेद विश्वाच्या अस्तित्वाशी निगडित आहे. विश्वारंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य जवळजवळ सारखेच निर्माण झाले असावे, असे मानण्यास सबळ कारणे आहेत. आणि ही दोन एकत्र आली की परस्परांचा नाश करून प्रकाशरूप होतात. सर्वच जर समसमान असते तर आज तारे, पृथ्वी आणि हे विचार करणारी माणसे उरलीच नसती. वस्तुतः अब्जामागे एखादा कण जास्त झाला आणि तेवढ्या शिलकेवर सारे विश्व उभे राहिले. ही शिल्लक पडण्यासाठी कोणत्या अटी पुऱ्या व्हाव्या लागतात हे आंद्रेई साखारोव्ह यांनी १९६७ मध्ये मांडले. कण आणि प्रतिकण यांच्यात पक्षपात करणारा नियम ही त्यांतील एक अट आहे. असा पक्षपात निसर्गात आढळतो, हे १९६४ मध्ये केऑन कणांच्या प्रयोगात दिसून आले होते. परंतु कणभौतिकीच्या सध्याच्या 'प्रमाण प्रतिमाना'त ज्ञात पक्षपात इतका अल्प आहे की त्याने विश्वातील शिलकेचा हिशेब जुळत नाही. कोठेतरी दुसरा, अजून न सापडलेला पक्षपात असला पाहिजे. तो ज्या ज्या सिद्धांतांत कल्पिला आहे त्यांपैकी बहुतेकांत इलेक्ट्रॉनाला विद्युत् द्विध्रुव परिबल प्राप्त होते, आणि तेही प्रमाण प्रतिमानाने दिलेल्या परिबलाच्या कित्येक पट मोठे.

ह्या शोधाची मूळ प्रेरणा जुनी आहे. १९५० मध्ये एडवर्ड पर्सेल आणि नॉर्मन रॅम्झी यांनी एक लहानसे टिपण लिहिले. मूलकणांना विद्युत् द्विध्रुव परिबल असूच शकत नाही असे त्या वेळी सर्वमान्य होते, कारण आरशातील जग आणि बाहेरचे जग यांचे नियम एकच असतात हे तत्त्व कोणी शंकास्पद मानीत नव्हते. पर्सेल आणि रॅम्झी यांचे म्हणणे असे की सममिती ही गृहीत धरण्याची गोष्ट नसून प्रयोगाने तपासण्याची गोष्ट आहे. त्यांनी आपले सहकारी स्मिथ यांच्यासह न्यूट्रॉनावर प्रयोग केला. तो १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे आरशाच्या सममितीचा भंग दुसऱ्याच मार्गाने सिद्ध झाला त्याच वर्षी. ह्या दोघांना परिबल सापडले नाही. पण प्रश्न विचारण्याची रीत त्यांनी घालून दिली ती आजतागायत चालू आहे.

इलेक्ट्रॉनावर असा प्रयोग करणे न्यूट्रॉनाहून अवघड. द्विध्रुव ओळखायचा तर विद्युत् क्षेत्र लावले पाहिजे. परंतु इलेक्ट्रॉन भारित असल्यामुळे क्षेत्र लावताच तो पळून जातो. तेव्हा त्याला एखाद्या अणूच्या आश्रयास ठेवून त्या अणूला क्षेत्रात ठेवणे हा मार्ग सुचतो. ह्या मार्गात लेनर्ड शिफ यांच्या १९६३ च्या प्रमेयाने धोंड उभी केली: उदासीन अणूतील भार बाह्य क्षेत्राला अनुसरून असे सरकतात की आतील कणांवरील सरासरी क्षेत्र शून्य होते. धोंड भक्कम होती, पण तिला एक फट होती. प्रमेयाची सिद्धता सापेक्षता सिद्धांत बाजूला ठेवून केलेली आहे. आणि जड अणूच्या केंद्राजवळून जाताना इलेक्ट्रॉनाचा वेग इतका वाढतो की सापेक्षतेकडे दुर्लक्ष करता येत नाही. ऑक्सफर्डचे पॅट्रिक सँडर्स यांनी १९६५ मध्ये दाखविले की अशा जड अणूत परिणाम झाकला तर जात नाहीच, उलट कित्येक पटींनी वाढतो. पुढे त्यांनीच ध्रुवीय रेणूंकडे लक्ष वेधले, आणि तेथून प्रस्तुत विषयाला खरा आरंभ होतो.

रेणू कशासाठी? अणूला बाहेरून क्षेत्र लावले तर तो थोडासाच ताणला जातो. दोन वेगळ्या मूलद्रव्यांचा रेणू मात्र मुळातच ताणलेला असतो. त्याच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्या टोकाला ऋण भार अधिक असतो. बाहेरच्या क्षेत्राला त्याला ताणावयाचे नसते, केवळ एका दिशेस उभे करावयाचे असते. बोल्डरच्या प्रयोगातील हॅफ्नियम फ्ल्युओराइडाच्या आयनाला उभे करण्यास दर सेंटीमीटरला ६० व्होल्टहून कमी क्षेत्र पुरले. त्या बदल्यात रेणूतील इलेक्ट्रॉनावर काम करणारे परिणामी क्षेत्र दर सेंटीमीटरला सुमारे २३ अब्ज व्होल्ट एवढे आहे. कोरड्या हवेत ३० हजार व्होल्टांच्या सुमारास ठिणगी पडते हे लक्षात घेतले, म्हणजे हे क्षेत्र कोणत्याही प्रयोगशाळेत यंत्राने निर्माण करता येणार नाही हे उघड होते. रेणूने ते आयते दिले आहे.

येथे एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे, कारण वृत्तपत्री वर्णनांत ती बहुधा गाळली जाते. हे २३ अब्ज व्होल्ट कोणी मोजलेले नाहीत. ते मोजताच येत नाहीत. ते गणिताने काढावे लागतात, आणि डझनावारी इलेक्ट्रॉन असलेल्या जड रेणूचे सापेक्षतेसह गणित करणे ही स्वतंत्र विद्या आहे. ह्या कामात पीटर्झबर्ग येथील सैद्धांतिकांनी आरंभापासून भाग घेतला. हॅफ्नियम फ्ल्युओराइडाचे एक स्वतंत्र गणित २०१३ मध्ये फ्रान्समधील तूलूझचे टिमो फ्लाइग आणि तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचे मलय नायक यांनी मिळून प्रसिद्ध केले, आणि बंगलोरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेत भानुप्रताप दास व त्यांचे सहकारी यांनी अशाच प्रकारच्या अन्य रेणूंवर दीर्घकाळ काम केले आहे. वेगवेगळ्या पद्धतींनी केलेली ही गणिते एकमेकांशी जुळतात म्हणूनच प्रयोगाच्या अंकाला अर्थ प्राप्त होतो. बोल्डर येथे मोजली गेली ती एक कंप्रता. 'इलेक्ट्रॉनाचे परिबल' हे त्या कंप्रतेचे भाषांतर आहे, आणि त्या भाषांतराचा कोश सैद्धांतिकांनी रचलेला आहे.

ती कंप्रता कोणती, ते पाहू जाता प्रयोगाचा गाभा हाती येतो. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या इलेक्ट्रॉनाच्या परिवलनाची दिशा, कलत्या भोवऱ्याचा आस फिरावा तशी, सावकाश फिरत असते. ह्या गतीला परांचन म्हणतात. इलेक्ट्रॉनाला द्विध्रुव परिबल असेल तर विद्युत् क्षेत्रामुळे ह्या फिरण्यात किंचित् भर पडेल, आणि क्षेत्राच्या मानाने परिवलनाची दिशा उलटी ठेवली तर तितकीच घट पडेल. दोन्ही मांडण्यांत फिरण्याची कंप्रता मोजावयाची आणि वजाबाकी करावयाची, एवढाच मूलभूत विधी. अडचण आकड्यांची आहे. बोल्डरच्या प्रयोगाने ठरविलेल्या कमाल मर्यादेइतके परिबल खरोखरच असते, तरी ह्या वजाबाकीतून निघणाऱ्या कंप्रतेचा एक फेरा पुरा होण्यास सुमारे सहा तास लागले असते. आणि तो शोधावयाचा कशात? सेकंदाला शंभराच्या आसपास फेरे घेणाऱ्या परांचनात.

एवढा लहान फरक ओळखण्याची शक्ती तीन गोष्टींवर अवलंबून असते: परिणामी क्षेत्र, निरीक्षणाचा काळ आणि रेणूंची संख्या. ह्या तिघींचे महत्त्व सारखे नाही. क्षेत्र दुप्पट झाले तर सूक्ष्मता दुप्पट होते. काळ दुप्पट झाला तरीही दुप्पट होते. परंतु संख्येचा लाभ वर्गमुळाच्या हिशेबाने मिळतो, म्हणजे सूक्ष्मता दुप्पट करावयाची तर रेणू चौपट पाहिजेत. काळ हजारपटीने वाढविला तर जो लाभ होतो तो संख्येतून मिळविण्यास दहा लाख पट रेणू लागतील. रेणूंना कोंडण्याचा सारा खटाटोप ह्या एका विषमतेतून निघाला आहे.

कोंडण्यापूर्वीच्या प्रयोगांत रेणूंचा झोत एका नळीतून सोडीत असत. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये यटर्बियम फ्ल्युओराइडाच्या झोतावर झालेल्या प्रयोगाने २०११ मध्ये पहिल्यांदा रेणूंना अणूंच्या पुढे नेले. त्यापूर्वीचा विक्रम बर्कली येथील थॅलियम अणूंचा, २००२ चा होता. पुढे हार्वर्ड आणि येल यांच्या संयुक्त गटाने, डेव्हिड डिमिल, जॉन डॉयल व जेराल्ड गॅब्रिएल्स यांच्या नेतृत्वाखाली, थोरियम मोनॉक्साइडाचा थंड व संथ झोत वापरून २०१४ आणि २०१८ अशी दोन पावले टाकली. तेथील परिणामी क्षेत्र बोल्डरच्या तिपटीहून अधिक आणि रेणूंची संख्या कितीतरी मोठी. पण झोत कितीही संथ केला तरी वीसएक सेंटीमीटरची वाट तो सुमारे एका सहस्रांश सेकंदात ओलांडून जातो. रेणू आला, दिसला, गेला. त्याला थांबवून ठेवता आले तर?

बोल्डरच्या गटाने रेणूऐवजी रेणूचा आयन निवडला, कारण भारित कणांना कोंडण्याची कला वोल्फगांग पाउल यांच्या काळापासून अवगत आहे; पाउल यांना ह्यासाठी १९८९ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि योगायोग असा की त्याच वर्षी त्या पारितोषिकाचा अर्धा भाग रॅम्झी यांना मिळाला होता. परंतु ह्या निवडीने पहिलीच अडचण पुन्हा उभी केली. आयन भारित आहे. त्याला उभे करण्यासाठी विद्युत् क्षेत्र लावले की तो सापळ्याच्या भिंतीवर जाऊन आदळणार. ह्यावर काढलेला तोडगा साधा आहे आणि तो प्रस्तुत विषयातील सर्वांत सुंदर कल्पना मानावयास हरकत नाही: क्षेत्र एका दिशेस स्थिर न ठेवता ते सेकंदाला ३,७५,००० वेळा गरगर फिरवावयाचे. आयन क्षेत्रामागे धावू लागतो, पण तो कोठे पोहोचण्यापूर्वीच क्षेत्राची दिशा बदलते. त्यामुळे तो सुमारे अर्ध्या मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरत राहतो. रेणूचा आस मात्र क्षेत्राबरोबर निमूटपणे वळत जातो. आयन अशा रीतीने जागच्या जागी राहतो आणि उभाही राहतो.

प्रयोगाचा क्रम असा. हॅफ्नियमच्या तुकड्यावर लेसरचा स्पंद मारून त्याची वाफ करतात; ती आर्गॉन आणि फ्ल्युओरिनयुक्त वायूच्या मिश्रणात प्रसरण पावताना थंड होते व हॅफ्नियम फ्ल्युओराइडाचे रेणू तयार होतात. दुसऱ्या लेसरांनी त्यांतील एकेक इलेक्ट्रॉन काढून त्यांचे आयन करतात आणि ते सापळ्यात पकडतात. मग सर्व आयनांच्या परिवलनाची दिशा एक करून परांचन सुरू करून देतात आणि थांबतात. हे थांबणे तीन सेकंदांपर्यंतचे होते. अखेरीस लेसरनेच रेणू फोडून हॅफ्नियमचे सुटे आयन मोजतात; कोणत्या अवस्थेतील किती निघाले, त्यावरून परिवलनाची दिशा दरम्यान किती फिरली हे कळते. रेणूची एक सोय अशी की तो क्षेत्राच्या दिशेने व विरुद्ध दिशेने असा दोन्ही प्रकारे उभा राहू शकतो. दोन्ही प्रकारचे रेणू एकाच सापळ्यात, एकाच क्षणी मोजता येतात. बाह्य क्षेत्रांतील चढउतार दोघांना सारखेच बाधतात व वजाबाकीत नाहीसे होतात. वजाबाकीनंतर परिबल तेवढे उरावे, अशी ही योजना आहे. अशा रीतीने २०२२ मध्ये सुमारे ६२० तासांचे निरीक्षण जमा झाले.

'शीत' ह्या शब्दाविषयी येथेच थोडे लिहिले पाहिजे, कारण ह्या क्षेत्रात तो दोन अर्थांनी वापरला जातो व वाचकाची गल्लत होते. शीत म्हणजे हाताला गार लागणारे नव्हे. ज्या समूहातील कणांची धावपळ मंद आहे तो समूह शीत. पण किती मंद हवी हे सापळ्यावर अवलंबून असते. आयनांचा सापळा खोल आड असतो, त्यात बऱ्यापैकी धावपळ करणारा कणही अडकून राहतो. म्हणून हॅफ्नियम फ्ल्युओराइडाचे आयन निरपेक्ष शून्याहून काही केल्व्हिन वर असले तरी चालते. तेथे शीतता हवी ती मुख्यतः रेणूच्या आतल्या गतीसाठी: तापलेला रेणू फिरण्याच्या व कंपनाच्या शेकडो अवस्थांत विखुरलेला असतो, आणि प्रयोगाला त्यांतील एकच हवी असते. उदासीन रेणूंचे सापळे मात्र प्रकाशाचे किंवा चुंबकीय क्षेत्राचे असून ते उथळ ताटासारखे असतात. त्यांत रेणू राहावयाचा तर तो केल्व्हिनच्या सहस्रांशाहूनही खाली आणावा लागतो, आणि ह्या कामात अणूंना सहज लागू पडलेली लेसरची युक्ती रेणूंना फार काळ लागू पडली नाही.

कारण असे. लेसरने कण मंद करावयाचा म्हणजे समोरून येणारा प्रकाश त्याला हजारो वेळा शोषावयास लावावयाचा. प्रत्येक वेळी त्याला अल्पसा धक्का बसतो. अणू प्रकाश शोषून सोडून देतो आणि मूळ अवस्थेत परत येतो. रेणू मात्र परत येताना वाटेत कंपन पावू लागतो, आणि मग त्याला तो लेसर दिसेनासाच होतो. ज्यांचे कंपन ह्या व्यवहारात फारसे ढवळले जात नाही असे थोडेच रेणू आहेत. त्यांतील स्ट्रॉन्शियम फ्ल्युओराइड हा येल येथे डिमिल यांच्या गटाने २०१० मध्ये लेसरने थंड केला आणि २०१४ मध्ये सापळ्यात धरला. कॅल्शियम हायड्रॉक्साइडासारखा तीन अणूंचा रेणूही हार्वर्ड येथे २०२२ मध्ये सापळ्यात आला, आणि पुढील वर्षी त्याच गटाने अशा रेणूवर परिबल-मापनाची सर्व पावले टाकून दाखविली. कॅल्शियम हलका असल्यामुळे ह्या रेणूकडून विक्रमाची अपेक्षा नाही. तो तालमीचा गडी आहे. त्याच घडणीचे, पण जड अणू असलेले रेणू हे ह्या गटांचे खरे लक्ष्य होय.

आता उत्तराकडे वळावे. परिबल मोजण्याचे एकक म्हणजे इलेक्ट्रॉनाचा भार गुणिले सेंटीमीटर. म्हणजे तेवढेच दोन विरुद्ध भार किती सेंटीमीटर दूर ठेवले असता तितका परिणाम होईल, ते अंतर. बोल्डरच्या निष्कर्षानुसार हे अंतर, ९० टक्के विश्वासपातळीवर, दशांशचिन्हापुढे २९ शून्ये आणि मग ४१ लिहावे इतक्या सेंटीमीटरांहून अधिक नाही. आकड्यावरून कल्पना येत नसेल तर असे पाहावे: हे अंतर मोठे करून एक मिलिमीटर केले आणि हॅफ्नियमचे अणुकेंद्रही त्याच प्रमाणात मोठे केले, तर त्या केंद्राच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकास जाण्यास प्रकाशाला जवळजवळ तेरा दिवस लागतील. सूर्यापासून पृथ्वीवर येण्यास त्याला सुमारे आठ मिनिटे लागतात. २०११ च्या लंडनच्या मर्यादेत दशांशचिन्हापुढे २६ शून्ये होती आणि २०१८ च्या थोरियमच्या मर्यादेत २८. त्या शेवटच्या मर्यादेवर बोल्डरने सुमारे २.४ पटीने मात केली. प्रमाण प्रतिमानाच्या गणितानुसार ह्या रेणूंत दिसू शकणारा परिणाम अजून लक्षावधी पटींनी खाली आहे. म्हणजे मधली सारी जागा नव्या नियमांसाठी मोकळी आहे. तेथे काही आढळलेच, तर ते ज्ञात भौतिकीचे नसणार.

'शून्य आले' असे वर म्हटले ते बोलण्याच्या सोयीसाठी. प्रयोगाचे निवेदन 'परिबल नाही' असे नसून 'मिळालेला अंक, त्याच्या अनिश्चिततेसह, शून्याशी सुसंगत आहे' असे आहे. ह्या दोन वाक्यांतील अंतर व्याकरणाचे नाही, ज्ञानाचे आहे. पहिले वाक्य निसर्गाविषयी आहे. दुसरे निसर्गाविषयी आपल्याला काय म्हणता येते त्याविषयी आहे. आणि तरीही ते पोकळ नाही. काही सर्वसाधारण गृहीतके मान्य केली तर ह्या मर्यादेमुळे १० लक्ष कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टांपर्यंतच्या ऊर्जेचे अनेक कल्पित कण बाद होतात, किंवा त्यांना आपले स्वरूप बदलावे लागते. जिनीव्हाजवळील २७ किलोमीटर परिघाच्या प्रवेगकाच्या प्रत्यक्ष आवाक्यापलीकडील हा प्रदेश आहे.

अशा शून्यावर विश्वास का ठेवावा, हा प्रश्न कोणत्याही चिकित्सक वाचकाला पडेल. खोटा परिणाम दिसणे हा एक धोका. खरा परिणाम आणि यंत्रातील दोष यांनी एकमेकांना खोडून टाकणे हा दुसरा, आणि अधिक सूक्ष्म. पहिल्यावर उपाय म्हणून प्रयोगात उलटविता येण्यासारखी प्रत्येक गोष्ट, जसे चुंबकीय क्षेत्राची दिशा किंवा विद्युत् क्षेत्राच्या फिरण्याची दिशा, पुनःपुन्हा उलटवून पाहतात. संशोधकाचे मन हेही एक यंत्रच असल्याने त्याचाही बंदोबस्त करावा लागतो: संगणक मिळालेल्या कंप्रतेत एक गुप्त अंक मिसळून ठेवतो, आणि सर्व त्रुटींचा हिशेब पुरा होईपर्यंत तो कोणालाही कळत नाही. अपेक्षित उत्तर आले की दोष शोधणे थांबवावयाचे, ही मनुष्यस्वभावातील खोड त्याने निष्प्रभ होते. दुसऱ्या धोक्यावर मात्र एकट्या प्रयोगापाशी पुरता उपाय नाही. तेथे दुसरा, सर्वस्वी वेगळ्या घडणीचा प्रयोग पाहिजे. संहितासंपादनाशी परिचय असलेल्यांना हे तर्कशास्त्र नवे वाटणार नाही. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत विष्णु सीताराम सुखटणकरांनी ज्या तत्त्वावर भर दिला ते हेच: एकमेकींपासून स्वतंत्र वाढलेल्या उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील परंपरांचा पाठ जेथे एक आहे तेथे तो प्राचीन मानावा, कारण दोघींनी एकच चूक स्वतंत्रपणे करणे संभवनीय नाही. थोरियम मोनॉक्साइडाचा झोत आणि हॅफ्नियम फ्ल्युओराइडाचा सापळा ह्या अशाच दोन परंपरा आहेत. एकीत उदासीन रेणू, दुसरीत आयन. एकीत सहस्रांश सेकंद, दुसरीत तीन सेकंद. एकीत स्थिर क्षेत्र, दुसरीत फिरते. ह्यांच्या दोषांना समान पूर्वज नाही. दोघींनी शून्यच वाचले.

रेणूंचा उपयोग ह्या एका परिबलापुरताच आहे असे मात्र समजू नये. हायड्रोजन आणि ड्यूटेरियम यांच्या एका सापळ्यातील आयनावर २०२० मध्ये जर्मनीत आणि हॉलंडमध्ये झालेल्या मापनांनी प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या वस्तुमानांचे गुणोत्तर फार सूक्ष्म प्रमाणात निश्चित केले. त्याच वर्षी जिनीव्हाच्या सर्न येथे रेडियम फ्ल्युओराइड ह्या किरणोत्सर्गी रेणूचा वर्णपट प्रथमच तपासला गेला. रेडियमच्या काही समस्थानिकांची अणुकेंद्रे पेरूच्या आकाराची असतात, आणि अशा केंद्रात कालव्युत्क्रमाचा भंग अधिक ठळकपणे उमटावा अशी अपेक्षा आहे. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

बोल्डर येथील तीन सेकंदांना जी मर्यादा पडली ती सापळ्याची नाही. हॅफ्नियम फ्ल्युओराइडाच्या आयनाची प्रयोगास लागणारी अवस्था ही त्याची सर्वांत खालची अवस्था नव्हे. सुमारे दोन सेकंदांच्या आयुष्यानंतर ती आपोआप खाली ढळते. म्हणून त्याच गटाने पुढील प्रयोगासाठी थोरियम फ्ल्युओराइडाचा आयन निवडला आहे. त्याची सर्वांत खालची अवस्थाच प्रयोगाला हवी ती अवस्था असल्यामुळे ती ढळण्याचा प्रश्न उद्भवत नाही, आणि परिणामी क्षेत्रही सुमारे दीडपट आहे. ह्या दीर्घ प्रतीक्षेची एक किंमत आहे: एका समूहासाठी वीस सेकंद थांबावयाचे, तर दिवसात मोजण्या थोड्याच होतात. त्यावर योजिलेला उपाय असा की एकच सापळा न ठेवता सापळ्यांची एक रांग करावी, आयनांचा एकेक समूह एका टोकाने आत घेऊन पुढच्या पुढच्या घरात सरकवीत न्यावा, आणि दुसऱ्या टोकाशी पोहोचेपर्यंत प्रत्येकाची प्रतीक्षा पुरी झालेली असावी.